सुरगाठ

आमच्या गावात १५ ऑगस्टला ‘स्वातंत्र्यदिन’ म्हणायचे ते फक्त शाळेतले सर. बाकी सगळं गाव म्हणायचं, ‘आज झेंडा शे.’ २६ जानेवारीला तेच, १ मेला तेच. पोळा जसा पोळा, अखजी जशी अखजी, तसा झेंडा. पहाटे आजी अंगावरची गोधडी ओढायची, ‘ऊठ व माय, झेंडा शे ना आज!’ आणि मी ताडकन उठून बसायचे. कारण त्या दिवसाचं निम्मं काम आमच्याच घरात असायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गावच्या हायस्कूलमध्ये शिपाई होते. झेंडा बांधायचा तो त्यांनी.

अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीकाठचं आमचं गाव. ऑगस्टात कपाशी गुडघ्याच्या वर आलेली, मूग शेंगांवर, रस्त्यावर घोट्याएवढा काळा चिखल. शाळेचं मैदानही तसंच. चार दिवस आधी आप्पा मुलांना घेऊन मैदानावर मुरूम टाकून घेत. झेंड्याच्या ओट्याला चुना, त्याच्या कडेला गेरूचा पट्टा. १४ तारखेला दुपारी फक्कीने रांगा आखायच्या आणि रात्री पाऊस आला की पहाटे पुन्हा आखायच्या. हे ते न कुरकुरता करत. मी त्यांना त्या दिवसांत एकदाही चिडलेलं पाहिलं नाही.

पण खरं काम दोरीचं. १४ ऑगस्टला संध्याकाळी जेवायच्या आधी ते आपला जुना टॉवेल खांद्यावर टाकून शाळेत जायचे आणि मी कंदील घेऊन मागे. टॉवेलाची घडी करून ती दोरीला बांधायची, वर चढवायची, खाली उभं राहून एक झटका द्यायचा. टॉवेल वर सुटला पाहिजे. सुटला की खाली घ्यायचा, पुन्हा बांधायचा. तीन वेळा. तिसऱ्यांदा सुटला की आप्पा खांबाला हात लावून नमस्कार करायचे, कानबाई देवी उठवताना आजी चौरंगाला करायची अगदी तसाच.

गाठीचे दोन प्रकार मला तेव्हा कळले. निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ ओढली की आवळते. सुरगाठ ओढली की सुटते, पण कुणी ओढेपर्यंत वाऱ्याने, पावसाने, हिसक्याने सुटता कामा नये. आप्पा म्हणायचे, निरगाठ कुणालाही येते, बैल बांधायला तीच लागते. सुरगाठीला हात लागतो. दोरीचा पेड उजव्या अंगठ्याखाली धरून, त्याचा फास करून, फासातून दुमडलेली दोरी किती बाहेर काढायची, सगळी मेख त्यात होती. चार बोटं. तीन राहिली तर आपोआप सुटेल, पाच झाली तर पाहुण्यांना झटका पुरणार नाही.

झेंडा स्वतः ऑफिसातल्या लोखंडी पेटीत असे. धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, सोबत डांबरगोळ्या. खादीचा, जाड, किंचित खरखरीत, एका कडेला दोरीसाठी शिवलेली पांढरी पट्टी. पेटी उघडताना आप्पा चपला बाहेर काढत. हे त्यांना कुणी शिकवलं होतं असं वाटत नाही. झेंड्यात घालायच्या पाकळ्या आणणं माझं काम. जास्वंद नको, खादीवर लाल डाग पडतो. कण्हेर नको, चीक लागतो. गुलाब आणि झेंडू, तेही रात्रभर परातीत पसरून कोरडे केलेले. ओल्या पाकळ्या गोळा होऊन पडतात. कोरड्या असल्या तर झेंडा उघडल्यावर क्षणभर वर तरंगतात, मग सगळ्यांच्या डोक्यांवर उतरतात. त्या एका क्षणासाठी मी शेजारच्या वाड्यातल्या आजींकडे गुलाब मागायला जायचे, आणि त्याही ‘झेंड्याला’ म्हटलं की कात्री घेऊन उठायच्या. देवासाठी मागितली तरी त्या कधीकधी कुरकुर करत.

बाकीचा दिवस सगळ्यांनी अनुभवला आहे. निखारे भरलेल्या तांब्याने केलेली इस्त्री, खडू घासून पांढरे केलेले बूट, प्रभातफेरी, ‘एक रुपया चांदी का, देश हमारा गांधी का’. लेझीम. भाषणं. हातावर पडलेली बुंदी. दुपारी घरी येताना कुणीतरी अमळनेरहून आणलेली, कागदातून तेल सुटलेली जिलेबी.

मी सातवीत असताना, १९८४ साली, सुरगाठीची निरगाठ झाली.

त्या वर्षी दोरी नवीन होती. आदल्या दिवशीच आली, सुती, पिळाची. टॉवेल तिन्ही वेळा नीट सुटला. पण रात्रभर भुरभुर पाऊस लागला आणि खांबावरची दोरी पाणी पिऊन फुगली. सकाळी आप्पांनी त्याच ओल्या दोरीने गाठ मारली. पाहुणे आले, सावधान झालं, त्यांनी दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा वर झेंड्याचं गाठोडं नुसतं आवळून लहान झालेलं मला दिसलं. ढोल वाजवणाऱ्याच्या काठ्या वरच्या वर थांबल्या. पाचशे माणसांच्या मैदानात कावळ्याचा आवाज ऐकू येत होता. मी आप्पांकडे पाहिलं. ते ओट्याच्या कडेला उभे होते, दोन्ही हात पुढे, जणू दोरी अजून त्यांच्याच हातात आहे.

दहावीतला एक मुलगा, भिलाटीतला, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतला, बूट काढून लोखंडी खांबावर चढला. ओला खांब. दोनदा घसरला. वर पोहोचून त्याने दातांनी गाठ सोडवली. झेंडा उघडला, पाकळ्या चिखलाच्या गोळ्यासारख्या पडल्या, राष्ट्रगीत झालं. बावन्न सेकंदांत संपणारं ते गीत त्या दिवशी मला संपता संपेना.

आप्पांना लेखी खुलासा द्यावा लागला. ‘कामात हयगय’ हे शब्द त्यात होते. मी ते वाचले, कारण उत्तर त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. त्यांचं अक्षर चांगलं नव्हतं. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, ‘दोरी ओली होती, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.’ पावसाला दोष देऊ का, असं मी विचारलं. नको म्हणाले.

त्या रात्री आजीने मला फैजपूरची गोष्ट सांगितली. खरं तर सांगितली आप्पांना, मी मध्ये झोपले होते. ‘तुना बाप फैजपूरले गयथा,’ तिने सुरुवात केली. ‘तठे बी झेंडा अडकना व्हता.’

१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. तोवर अशी अधिवेशनं मोठ्या शहरांत होत. गांधीजींचा आग्रह की खेड्यात जाऊ. नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, चटया, गवत अशा आपल्या शेताबांधावरच्या वस्तूंनी टिळकनगर उभं केलं. पंडित नेहरू अध्यक्ष. धनाजी नाना चौधरी आणि इथले असंख्य कार्यकर्ते महिनोन्महिने राबले, साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले. आमचे आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे. अमळनेरहून गाडीने भुसावळ, तिथून सावदा, पुढे पायी. सोबत आजीच्या सासूने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. मुक्काम उघड्यावर, खानदेशातल्या डिसेंबरच्या थंडीत, एका घोंगडीत तिघं.

झेंडा वर चढताना मध्येच अडकला. खांब उंचच उंच. खालून ओढून तो वरही जाईना, खालीही येईना. हजारो माणसं माना वर करून उभी. मग शिरपूरकडचा एक तरुण गर्दीतून पुढे आला, खांबावर सरसर चढला आणि अडकलेला झेंडा मोकळा केला. आजोबा आयुष्यभर हे सांगत असत, आणि आजी म्हणे की सांगताना त्यांची मान दर वेळी वर जायची. नेहरू काय बोलले ते त्यांना आठवत नसे. तो चढणारा तरुण आठवत असे, आणि झेंडा फडफडल्यावर उठलेला आवाज.

आप्पा काही बोलले नाहीत. पण थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘तिथे दोरी कुणी बांधली होती?’

आजीला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती गप्प राहिली. मला मात्र तो प्रश्न आजवर सोडून गेलेला नाही. देशाच्या सणाबद्दल मी जे जे वाचलं, ते वाचताना माझं लक्ष आधी दोरी बांधणाऱ्याकडे जातं.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी नंदुरबारला तीन वर्षं होते. माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकावरून रोज जाणं-येणं. शिरीषकुमार मेहतांचं नाव खानदेशातल्या प्रत्येक पोराला पाठ असतं, पण तिथे उभं राहिल्यावर त्याचं वय अंगावर येतं. जन्म २८ डिसेंबर १९२६, मृत्यू ९ सप्टेंबर १९४२. म्हणजे सोळाही पूर्ण नाहीत. माझ्या सातवीतल्या गोष्टीतला, खांबावर चढलेला मुलगा त्याच वयाचा होता. मिरवणूक निघाली होती, हातात तिरंगा, तोंडी घरची गुजराती घोषणा, ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं’. झेंडा झुकणार नाही. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाच नावं, सगळी पोरसवदा. आडनावं पाहिली तरी नंदुरबार कसं गाव आहे ते कळतं. गुजराती, मराठी एकाच गल्लीत, एकाच घोषणेत.

एकदा मी हिशेब केला आणि बसूनच राहिले. फैजपूरचं अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६. म्हणजे दुसऱ्या दिवशी शिरीषकुमारचा दहावा वाढदिवस. माझे आजोबा तिकडे मान वर करून झेंडा पाहत होते तेव्हा तापीच्या अलीकडे नंदुरबारात एका घरात दहा वर्षांच्या पोराला ओवाळत असतील. त्याच झेंड्यासाठी सहा वर्षांनी तो जाणार होता. तेव्हा त्या झेंड्यावर चरखा होता. अशोकचक्र आलं ते २२ जुलै १९४७ ला, संविधान सभेने तिरंगा स्वीकारला त्या दिवशी. शिरीषकुमारने चक्राचा तिरंगा पाहिलाच नाही.

नंदुरबारहून तळोद्याकडे गेलं की रावलापाणी. २ मार्च १९४३ ला तिथे आदिवासींवर गोळीबार झाला. ही माणसं गुलाम महाराजांच्या आप पंथातली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, असं सांगणाऱ्या माणसाचे अनुयायी. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘अरे, ए’ अशीच हाक ऐकावी लागली त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचं ठरवणं, याहून मोठं स्वातंत्र्य मला सुचत नाही. शाळेत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्यापासून दीडशे किलोमीटरवरचं ठिकाण, आणि मला ते पस्तिशीत कळलं. याची मला खंत आहे. १५ ऑगस्टच्या भाषणांत दिल्ली येते, लाहोर येतं, येऊ दे. पण तळोद्याच्या मुलांना भाषणात रावलापाणी ऐकू आलं पाहिजे. आणि अमळनेरच्या मुलांनाही.

तसंच धुळ्याचं. धुळ्याच्या तुरुंगावरून किती एसट्या जातात. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा तिथे कैद्यांना गीता समजावून सांगत होते, मराठीत, आणि साने गुरुजी बसून ते उतरवून घेत होते. अठरा अध्याय, अठरा रविवार. मला इथेही बोलणाऱ्याइतकाच लिहून घेणारा महत्त्वाचा वाटतो. गुरुजींनी ते टिपलं नसतं तर ते शब्द त्या भिंतींतच राहिले असते.

२६ जानेवारीबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. लहानपणी मला तो १५ ऑगस्टचा धाकटा भाऊ वाटायचा. पाऊस नाही, चिखल नाही, कोवळं ऊन, दादर ज्वारी कणसात आलेली. आप्पा या दिवशी निवांत असत, कारण दोरी कोरडी. पण याच दिवशी आमच्याकडे ग्रामसभा असे. झेंडा झाला की मारुतीच्या पारावर सतरंजी पडे. बायका सहसा जात नसत. गेल्या तरी लांब भिंतीशी.

त्या ८४ च्या झेंड्यानंतरच्या जानेवारीत आजी ग्रामसभेला गेली. मी तिच्यासोबत. विषय हातपंपाचा होता. गावात दोन पंप, भिलाटीत एकही नाही. तिथल्या बायका नदीच्या झिऱ्यावरून पाणी आणत. कागद वाचून झाला, ‘कुणाला काही बोलायचं आहे का’ असं रीतीप्रमाणे विचारलं गेलं आणि सतरंजी गुंडाळायची वेळ आली. तेवढ्यात आजी उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाली, ‘ज्या पोऱ्याने झेंडा सोडावा, त्याना घरले पाणी नही.’ बस, इतकंच. ती खाली बसली नाही. उभीच राहिली.

पारावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका म्हाताऱ्या माणसाने, जो आजीशी एरवी बांधाच्या भांडणामुळे बोलत नसे, ‘लिहा तिचं,’ म्हटलं. लिहिलं गेलं. पंप लगेच बसला नाही, दीड वर्ष गेलं, त्यासाठी पुढच्या तिन्ही ग्रामसभांत आजी उभी राहिली. बसला मात्र.

२६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं आणि ते लागू करायला २६ जानेवारीपर्यंत थांबले, कारण १९३० साली त्याच दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली होती. हे मी नंतर पुस्तकांत वाचलं. पण माझ्या मनातला प्रजासत्ताक दिन म्हणजे पारावर उभी असलेली, न लिहिता-वाचता येणारी माझी आजी. पहिल्या निवडणुकीत बैलगाडीने जाऊन मत दिलेली. बोटाची शाई तिने आठवडाभर भांडी घासताना जपली होती, असं आप्पा सांगत.

ओल्या दोरीच्या त्या प्रसंगानंतर आप्पांनी एक गोष्ट बदलली. दोरी रात्री खांबावर ठेवायची नाही. १४ तारखेला टॉवेलाची परीक्षा झाली की ती पूर्ण काढून घरी आणायची, चुलीपासून हातभर लांब खुंटीला टांगायची, आणि पहाटे चारला उठून पुन्हा खांबावरच्या कप्पीत ओवायची. त्यासाठी शिडी लागे, माणूस लागे. तो दहावीतला मुलगा यायचा. शाळा सोडल्यावर, लग्न झाल्यावर, बाप झाल्यावरही यायचा. आप्पांच्या निवृत्तीपर्यंत, २००२ पर्यंत, दर वर्षी पहाटे चारला आमच्या दारात त्याची हाक यायची, ‘आप्पा, दोरी.’

आणि संध्याकाळ. तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. झेंडा चढवायला पाचशे माणसं, उतरवायला दोन. सूर्य मावळायच्या आधी मी आणि आप्पा रिकाम्या मैदानात जायचो. चिखलात पाकळ्या रुतलेल्या, कागदाचे छोटे झेंडे पडलेले. आधी ते वेचायचे. एकही टाकायचा नाही. मग दोरी सोडायची, सकाळच्यापेक्षा हळू. झेंडा जमिनीला लागू नये म्हणून मी दोन्ही हात वर करून उभी राहायचे आणि तो माझ्या हातांत उतरायचा, दिवसभराच्या वाऱ्याने गार झालेला. जुना झाला, कडेने उसवला, तेव्हा आप्पांनी तो एकदा शाळेच्या मागे, कुणी नसताना, अखंड तसाच अग्नीला दिला. राख बोरीत सोडली. घरी येऊन आंघोळ केली.

२०२२ च्या ऑगस्टात अमृतमहोत्सवाचे झेंडे घरोघरी लागले तेव्हा आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि जळगावला माझ्याकडे होते. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मी झेंडा लावला. सगळ्या कॉलनीत तिरंगे, इतके एकत्र त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. खुर्ची टाकून सकाळभर बसले, बघत. आम्ही शाळेत होतो तेव्हा साध्या माणसाला आपल्या घरावर मनाला येईल त्या दिवशी झेंडा लावता येत नसे. २००२ च्या ध्वजसंहितेने ते मोकळं केलं.

संध्याकाळ झाली तसे ते उठले. गुडघे दुखत होते, भिंतीला धरून गॅलरीत गेले. मी म्हटलं, ‘आप्पा, आता नियम बदललाय. घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. गेल्याच महिन्यात झालं.’

‘व्हई,’ ते म्हणाले. ‘पण दिवसभर वारा होता. दमला असंल.’

मी दोरी सोडली, त्यांनी हात वर केले. झेंडा त्यांच्या हातांत उतरला. दिवाणावर धुतलेली चादर पसरून त्यांनी तो आडवा ठेवला. आधी केशरी पट्टा पांढऱ्याखाली, मग हिरवा पांढऱ्याखाली. मग दोन्ही कडांनी पांढरा दुमडत आणला, चक्र वर राहील असा, चोवीसच्या चोवीस आरे दिसतील असा. माझी मुलगी दारात उभी होती. तिला त्यांनी जवळ बोलावलं आणि दोन्ही तळहात पुढे करायला सांगितलं. मग खिशातून एक सुतळी काढून तिच्यासमोर धरली.

‘आता ही बघ,’ ते म्हणाले. ‘चार बोटं.’